घाट उतरला आणि छागल कोमट झाली

रविवार

पोरीला दिवाळीत शब्द दिला होता, कापसाचे पैसे आले की खोपोलीच्या इमॅजिका पार्कला जायचं. कापूस गेला, मग तूर गेली, परीक्षा आटोपल्या आणि एप्रिल सरता सरता शब्द पाळायची वेळ आली. नांगरटी झालेली, मृगाला सव्वा महिना अवकाश, घरातल्या दोन लग्नांच्या मध्ये आठ दिवस रिकामे. शेतकऱ्याच्या घराला फिरायला एवढीच सवड मिळते आणि ती नेमकी भर उन्हात येते. विदर्भातल्या वरोऱ्याजवळच्या आमच्या गावात आज पारा ४४ वर होता.

जाणार पाच जण. आम्ही दोघं, तेरा वर्षांचा मुलगा, आठ वर्षांची छोटी आणि सासूबाई. सासूबाईंची अट एकच, महडच्या वरदविनायकाचं दर्शन झालं पाहिजे. महड खोपोलीच्या जवळच असल्यानं ती अट सगळ्यांना मान्य झाली. रेल्वेचं आरक्षण दोन महिन्यांआधीच करून ठेवलं होतं. राहिली होती ती बॅग भरायची.

कॅलेंडरच्या जुन्या पानामागे यादी करायला बसले. उन्हाळ्यात बाहेर पडायचं म्हटलं की आमच्याकडे यादी हातच लिहून जातो, विचार करावा लागत नाही. प्रत्येकाचा एक जाड सुती दुपट्टा, कान बांधायला. पांढरे सुती कपडे, पूर्ण बाह्यांचे. कांदे. गूळ. छागल, म्हणजे पाणी गार ठेवणारी कापडी पिशवी. कपडे प्रत्येकी दोनच जोड धरले. एक अंगावर, एक बॅगेत. आमच्या आवारात या दिवसांत शेवटचं कापड दोरीवर टाकेस्तोवर पहिलं वाळलेलं असतं, मग ओझं कशाला वाहायचं? हा हिशेब मी पूर्ण विश्वासानं केला होता. तो का चुकला ते पुढे येईलच.

सोमवार

वरोऱ्याच्या बाजारात गेलो. वॉटर पार्कात सुती कपडे घालून पाण्यात उतरू देत नाहीत, नायलॉनचे लागतात, हे पुतण्यानं आधीच सांगितलं होतं. तिथं ते भाड्यानं मिळतात, पण लेकरांच्या अंगाला दुसऱ्यानं घातलेलं नको वाटलं, म्हणून दोघांचे विकतच घेतले. माझ्यासाठी गुडघ्याखाली येणारी नायलॉनची पॅन्ट आणि वर तसाच टॉप घेतला. सासूबाईंनी दुकानात हात लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे घालून माणूस उकडून मरन वं." घाम न पिणारं कापड, त्यांचं म्हणणं खरंच होतं. ते पाण्यातच घालायचं, बाहेर नाही, असं ठरलं.

मागून पट्टा असलेल्या रबरी सँडल घेतल्या, सगळ्यांना. पाण्याच्या राइडमध्ये चप्पल पायातून निघून जाते आणि बूट भिजले की दिवसभर ओलेच राहतात. मुलाला त्याच संध्याकाळपासून नव्या सँडल घालून हिंडायला लावलं. नवं पायताण थेट सहलीच्या दिवशी घातलं की दुपारपर्यंत टाचेला फोड येतो. दोन दिवस आधी घरीच पट्टा मऊ पडू द्यावा. औषधाच्या दुकानातून ओआरएसची दहा पाकिटं, उन्हाचं क्रीम, पावडर आणि मोबाईल ठेवायला गळ्यात अडकवायची पारदर्शक पिशवी घेतली. सासूबाईंची बीपीची गोळी आहे. त्यातली एक लघवी वाढवणारी असते, उन्हात अंगातलं पाणी आणखी कमी होतं. म्हणून जाण्याआधी डॉक्टरांना गाठून विचारलं. गोळी बंद करू नका असं त्यांनी सांगितलं, आणि वेळ आणि पाणी कसं सांभाळायचं ते लिहून दिलं. ती चिठ्ठी गोळ्यांच्या डबीत घडी करून ठेवली.

संध्याकाळी छोटीला दाराच्या चौकटीशी उभं करून डोक्यावर पुस्तक ठेवलं आणि पेन्सिलनं खूण केली. मोठ्या राइडला उंची मोजूनच बसवतात. तिथं गेल्यावर तिचा हिरमोड व्हायला नको म्हणून कोणत्या राइडमध्ये ती बसेल आणि कोणत्यात नाही, हे घरीच तिच्यासमोर लिहून काढलं. थोडा वेळ रुसली. मग म्हणाली, "पुढच्या वर्षी पुन्हा खूण करजो आई."

मंगळवार

आजचा दिवस चुलीपाशी गेला. सातूचं पीठ करायला घेतलं. किलोभर गहू कालच ओलवून, कापडावर पसरून ठेवले होते. ते मंद आचेवर खमंग भाजले, अर्धा किलो फुटाण्याची डाळ, थोडं जिरं आणि सुंठ टाकून चक्कीवरून दळून आणलं. गुळाच्या पाण्यात दोन चमचे कालवलं की पोटाला आधार होतो, थंडही पडतं. आमच्याकडे वखरणीला जाणारा माणूस याच्यावर दुपार काढतो. मग दुधात मळलेल्या दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या, जवसाची चटणी आणि लोणच्याची बरणी. पार्कात बाहेरचं खाणं आत चालत नाही, म्हणून हे सगळं गाडीतल्या आणि मुक्कामाच्या वेळांपुरतंच केलं. आत जे लागेल त्याचे पैसे वेगळ्या पाकिटात ठेवले.

बॅग भरून झाली तेव्हा ह्यांनी वेचणीचा काटा आणला. हिवाळ्यात बायांनी वेचलेला कापूस ज्या आकड्याला टांगून मोजतो तो काटा. बॅग आकड्याला अडकवली, दोघांनी दांडी धरली, काटा डुलत डुलत १३ किलोवर थांबला. सासूबाई ओसरीतून म्हणाल्या, "येवढं तं एका बाईचं दुपारपर्यंतचं वेचन आहे, उचलते मी." त्यांनी तीस वर्षं ओटीत कापूस वाहिला आहे. तरी बॅग त्यांच्या हाती लागू दिली नाही.

बुधवार

सकाळच्या एसटीनं वर्ध्याला. सासूबाईंनी पंचाहत्तरी ओलांडलेली, त्यामुळे त्यांचं तिकीट माफ, माझं अर्धं. खिडक्या लावूनही गरम वारा आत येत होता, दुपट्टा नाकापर्यंत ओढला की तेवढं बरं वाटायचं. या प्रवासात दुपट्ट्यानं आपलं काम चोख केलं. वर्ध्यात बहिणीकडे दुपार काढली आणि संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसलो.

छागल खिडकीच्या गजाला आतून टांगली. जाड तागाच्या कापडाची, तोंडाला लाकडी बूच, सासऱ्यांच्या बैलबंडीला लटकलेली असायची ती. कापडातून पाणी झिरपतं, वारा लागला की ते वाफ होऊन उडतं आणि उडता उडता आतल्या पाण्याची ऊब घेऊन जातं. माठाचं आणि वाळ्याच्या ताटीच्या कूलरचंही हेच आहे. बडनेरा गेलं, अकोला गेलं, बाहेर रात्रीही वारा गरमच, आणि छागलीतलं पाणी मात्र दाताला लागावं इतकं गार. समोरच्या बाकावरच्या आजोबांनी दोनदा मागून घेतलं. दशम्या, चटणी, कांदा. भुसावळ येईपर्यंत लेकरं झोपली होती.

गुरुवार

पहाटे इगतपुरी गेलं आणि गाडी कसाऱ्याच्या घाटात उतरायला लागली. मला जाग आली ती मानेला चिकटलेल्या केसांमुळे. वारा तर लागत होता, तरी अंग ओलं. हात लांबवून छागल काढली. कापड बाहेरून तसंच चिंब होतं, थेंब खाली टपकत होते, पण पाणी कोमट. रात्री भुसावळला जी गार होती तीच. मी ह्यांना उठवून दाखवलं. हे म्हणाले, "हवाच ओली आहे. आता पाणी उडून जाईन कुठी?"

तिथंच मला माझी यादी आठवली. ती सगळी आमच्या उन्हासाठी केलेली होती. आमचं ऊन कोरडं. घाम आला तरी दिसत नाही, जागच्या जागी उडतो, अंगावर मिठाची पांढरी रेघ तेवढी राहते. म्हणून आम्ही अंग झाकतो, लू लागू नये म्हणून कान बांधतो. घाटाखाली पारा आमच्यापेक्षा सात-आठ अंशांनी कमी, पण घाम उडतच नाही, आणि न उडालेला घाम अंगाला थंड करत नाही. तिथं झाकायचं कमी आणि मोकळं सोडायचं जास्त. छागलीनं जे घाट उतरताना सांगितलं ते मला घरी कोणी सांगितलं नव्हतं.

कल्याणला उतरून कर्जतमार्गे लोकलनं खोपोली गाठलं. लॉजवर आंघोळी केल्या, वर्ध्यापासून अंगावर असलेले कपडे धुऊन पंख्याखाली टाकले आणि रिक्षानं महडला गेलो. अष्टविनायकांतला हा वरदविनायक. इथला नंदादीप १८९२ पासून अखंड तेवतो आहे असं सांगतात. सासूबाई त्या ज्योतीपुढे बराच वेळ हात जोडून उभ्या राहिल्या. बाहेर आल्यावर त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि पदर पिळून दाखवला. खरंच पाणी निघालं.

रात्री नऊला कपडे पाहिले, ओले. बाराला पाहिले, ओलेच. सकाळी मुलाची पँट कमरेपाशी इतकी दमट होती की हात लावला तर गारवा जाणवावा. आमच्या आवारात अर्ध्या तासाचं काम. इथं पूर्ण रात्र पुरली नाही.

शुक्रवार

पहाटेच बाजारातून लेकरांसाठी एकेक पातळ टी-शर्ट आणि हाफ पँट घ्यावी म्हटलं, तर दुकानं उघडली नव्हती. शेवटी महडला घातलेला कालचाच जोड पुन्हा घालून निघालो आणि दमट कपडे वेगळ्या पिशवीत घेतले. जाड दुपट्टे लॉजवर ठेवले. त्याऐवजी सासूबाईंचं पातळ मलमलचं उपरणं आणि टोप्या घेतल्या. दशम्या आणि सातू फाटकाबाहेरच झाडाखाली बसून खाल्लं. सकाळी पोट भरून आत गेलं की उन्हाच्या वेळी रांगेत भुकेनं लेकरं कावत नाहीत.

आतलं सगळं वर्णन करत बसत नाही. छोटीसाठी दुमजली घोड्यांचं चक्र आणि मिस्टर इंडियाची राइड, मुलासाठी नायट्रो हा रोलर कोस्टर. तो नायट्रोतून उतरला तेव्हा त्याचे हात थरथरत होते आणि तोंडावर हसू मावत नव्हतं. उंचीच्या पट्टीपाशी छोटी आपली आपणच थांबली आणि भावाला म्हणाली, "तू जा, मी आजीपाशी बसतो." घरच्या चौकटीवरच्या त्या पेन्सिलीच्या रेघेनं तिथलं रडणं वाचवलं.

एक राइड मात्र सांगितलीच पाहिजे. राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचर. होडीत बसवून अंधारातून नेतात, डायनासोर अंगावर येतात, शेवटी होडी वरून खाली सुटते आणि सगळे भिजतात. राजासॉरस काल्पनिक नाही. त्याची हाडं गुजरातेत तेव्हाच्या खेडा जिल्ह्यात सापडली आणि २००३ मध्ये त्याला हे नाव मिळालं. रांगेत मुलानं पुढच्या कुटुंबाला सांगायला सुरुवात केली, की आमच्या वरोऱ्याजवळही डायनासोर होते. डोंगरगावला ज्याची हाडं मिळाली तो आयसीसॉरस, लांब मानेचा, शाकाहारी, आणि त्यालाही ते नाव २००३ मध्येच मिळालं. पिसदुऱ्याला तर डायनासोरच्या शेणाचे दगड सापडतात, त्यात गवताचे अंश मिळाले आणि २००५ मध्ये ते जगभर छापून आलं. डायनासोरच्या काळात गवत होतं हे त्यावरून कळलं. त्या कुटुंबातल्या बाईंनी विचारलं, "तुमच्या गावात म्युझियम आहे का?" तो म्हणाला, "नाही, वावरं आहेत." माझ्या पोटात काहीतरी हललं. ज्या मातीवर आम्ही पऱ्हाटी लावतो तिच्याबद्दल माझा पोरगा अनोळखी माणसाशी इतक्या अभिमानानं बोलत होता.

होडीतून उतरलो तेव्हा कमरेपर्यंत भिजलो होतो. गळ्यातल्या पिशवीत मोबाईल कोरडा राहिला. ती शंभरच्या आतली पिशवी सगळ्या सामानात सर्वांत कामाची ठरली. पण बदलायला काय? पिशवीतले सकाळचे दमट कपडे. लेकरांना तेच घातले. संध्याकाळपर्यंत छोटीच्या मांड्या घासून लाल झाल्या. पावडर लावली तर घामात तिचा लगदा झाला. शेवटी खोबरेल तेल चोळलं तेव्हा तिला चालता आलं. ओल्या हवेत घासणाऱ्या जागी पावडर नाही, तेल लावावं. हे कोकणातल्या बाईला विचारलं असतं तर तिनं पहिल्या दमात सांगितलं असतं.

दुपारी साडेबाराच्या सुमारास सासूबाई सावलीतल्या बाकावर बसल्या होत्या. मी जवळ गेले तर त्यांचा चेहरा उतरलेला. "गरगरल्यासारखं होऊन राह्यलं," म्हणाल्या. पाणी तर त्या सकाळपासून पीत होत्या, बाटली रिकामी होती. मग लक्षात आलं, नुसतं पाणीच पीत होत्या. घामातून मीठ गेलं ते भरून कोण देणार? आमच्याकडे दुपारी ताक असतं, लोणचं असतं, कांद्यासोबत मीठ असतं, न ठरवता ते पोटात जातं. मी ओआरएसचं पाकीट एक लिटरच्या बाटलीत कालवलं. एका लिटरचं पाकीट असेल तर पूर्ण एका लिटरलाच, अर्धं नाही आणि दोन ग्लासातही नाही. त्यांना पंख्याच्या झोतात नेऊन बसवलं, उपरणं ओलं करून मानेवर ठेवलं आणि बाटली घोट घोट पाजली. अर्ध्या तासानं त्यांनी बटव्यातून कांदा काढून माझ्या हातात दिला. "हा ठेव वं. इथं हा चालत नाही वाटते." मी हसले आणि रडलेही. ऊन लागत नाही अशा समजुतीनं त्यांचा तो कांदा गेली साठ उन्हाळे त्यांच्या बटव्यात आहे.

त्यानंतर नियमच केला. दर तासाला सगळ्यांनी एक ग्लास, आलटून पालटून साधं पाणी आणि ओआरएस. बारा ते चार आतल्या, थंडगार जागेतल्या राइड, उघड्यावरच्या सगळ्या चारनंतर. सासूबाईंनी संध्याकाळी घोड्यांच्या चक्रात वरच्या मजल्यावर बसून तीन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीत त्यांनी छोटीचा हात सोडला होता आणि दोन्ही हातांनी घोड्याची मान धरली होती.

शनिवार

वॉटर पार्क. पाण्यात ऊन कळत नाही, म्हणून क्रीम दर दोन तासांनी पुन्हा लावलं, तरी मुलाच्या खांद्याची साल निघालीच. नायलॉनचे कपडे पिळून झटकले तर दुपारच्या जेवणापर्यंत अर्धे वाळले. जे कापड दुकानात नकोसं वाटलं होतं तेच इथं शहाणं ठरलं. परतीच्या गाडीला सुती एकही कोरडा जोड उरला नव्हता, म्हणून येताना खोपोलीत लेकरांसाठी कपडे घेतले. पाचशे रुपयांना दोघांचं भागलं. घरून एकेक जोड जास्त घेतला असता तर बॅग फार तर दीड किलोनं वाढली असती.

रात्री कल्याणहून गाडी. घाट चढून वर आलो तसा खिडकीतून येणारा वारा बदलला. ओठ कोरडे पडायला लागले. छागल मी पुन्हा भरून टांगली होती.

रविवार

बडनेऱ्याला सकाळ झाली. छागलीतून पहिला घोट सासूबाईंना दिला. "आता कसं पाणी झालं," म्हणाल्या.

दुपारी घरी पोचलो. ओल्या कपड्यांचं गाठोडं सोडलं, त्याला कुबट वास येत होता. धुऊन आवारातल्या दोरीवर टाकलं आणि चहा ठेवला. चहा उकळेस्तोवर छोटीचा फ्रॉक पापडासारखा वाळला होता.

संध्याकाळी जाऊबाई आल्या. त्या पुढच्या आठवड्यात पोरांना घेऊन मुंबईला भावाकडे जाणार आहेत, वॉटर पार्कही पाहणार. बॅग भरूनच आणली होती, मला दाखवायला. वर चार जाड दुपट्टे, खाली प्रत्येकाचे दोन जोड. मी दुपट्टे काढून ओसरीच्या खाटेवर ठेवले. चारही लेकरांचा एकेक जोड जास्त घातला, खोबरेल तेलाची छोटी बाटली आणि उरलेली ओआरएसची सहा पाकिटं वरच्या कप्प्यात ठेवली. सासूबाई खुंटीवरचा काटा घेऊन आल्या. आम्ही दोघी जावांनी दांडी धरली. साडेचौदा.

"चालते," सासूबाई म्हणाल्या, आणि छागल भरायला माठाकडे गेल्या. मग थांबल्या. "इगतपुरीपर्यंतच टांगजो वं हिला," जाऊबाईंना म्हणाल्या, "मंग बाटलीतलं पेजा."